दहा मिनिटांवरचे जवळकर

पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे निघालं की शिवगंगेच्या खोऱ्यात, नसरापूरच्या अलीकडे, वरवे बुद्रुक लागतं. या पट्ट्यात भात पिकतो आणि हल्ली बंगल्यांचे प्लॉटही पिकतात. या दुसऱ्या पिकासोबत जी मनुष्यजात इथे वस्तीला आली, तिला सोयीसाठी जवळकर म्हणू. जवळकरांचं घर साधंच असतं. चार गुंठ्यांत, म्हणजे ४,३५६ चौरस फुटांत, बंगला, बोअर, झोपाळा आणि फळ न धरणारा हापूस. माणूस ओळखू येतो तो तोंड उघडल्यावर. ‘हायवे पाच मिनिटं, बनेश्वर दहा मिनिटं, केतकावळ्याचा बालाजी जरा पुढे’ हे पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या येण्याआधी सांगून होतं. गुंजवण्याचा रस्ता नसरापूरवरून जातो, एवढ्या आधारावर राजगडही त्यांच्या परसात येतो.

माझं म्हणणं असं, की जवळकर घरात राहतच नाहीत, ते अंतरांत राहतात. किलोमीटरशी त्यांचं वैर आहे, कारण तो दगडावर कोरलेला असतो. मिनिटांचं तसं नाही, ती समजूतदार असतात. पहाटे चारला, खेड-शिवापूरचा टोलनाका मोकळा असताना स्वारगेट जेवढ्या वेळात आलं, तेवढंच ते कायमचं लांब. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग त्यांच्या हिशेबात बसत नाही. शिवाय जवळच्या ठिकाणी ते जातात कुठे? बनेश्वराचं दर्शन पाहुणे आले तरच घडतं. कधीही जाता येतं, म्हणून कधीच जावं लागत नाही. सोय वापरण्यापेक्षा ती असल्याचं समाधान त्यांना जास्त पुरतं.

कुणी म्हणेल, या निव्वळ थापा. पण थापाड्याला खरं काय ते ठाऊक असतं. जवळकरांनी स्वतःच्या मिनिटांवर विश्वास ठेवून आधी स्वतःचा प्रॉव्हिडंट फंड मोकळा केलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरी सोय म्हणजे वीज गेल्यावर वायरमनला हाक मारणारा, बंगल्याची किल्ली सांभाळणारा, मोटर चालू करणारा शेजारचा गावकरी, आणि तो त्यांच्या यादीत नसतो. हे मान्यच करायला हवं. मात्र त्यात कृतघ्नपणा कमी आणि हिशेबाची अडचण जास्त. तो कुंपणापलीकडेच राहतो, त्याला मिनिटं कुठली लावणार?

तरीही या माणसाला नुसतं हसून सोडणं बरं नाही. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुणं सहकारनगर, गोखलेनगरकडे सरकलं, तेव्हा पूर हे सबळ कारण होतं. वरव्याला पूर नाही, सक्ती नाही. इथे माणसं येतात ती कुणीतरी ‘जवळच आहे हो’ म्हटलं म्हणून. चार घरं आली की किराणा दुकान येतं, दहा आली की दवाखान्याची पाटी लागते, आणि जवळकरांचं उधारीवरचं वाक्य हप्त्याहप्त्यानं खरं होत जातं. तोटा होतो तो त्यांचाच. सगळं खरोखर जवळ आल्यावर पाहुण्याला सांगणार काय? मग ‘इथे फार गर्दी झाली’ म्हणत ते भोरकडचे दर विचारू लागतात आणि व्यवहार ठरण्याआधीच भाटघरचं धरण दहा मिनिटांवर आणून ठेवतात.