पक्कं पातं, उघडणारं पातं

हरणाबद्दल कोणी सल्ला विचारला तर धावड्याचा माणूस नाही म्हणत नाही. भोकरदन तालुक्याच्या या डोंगराकडच्या बाजूला हरभरा दोन बोटं वर आला की हरणं आणि रोही पाहणीला येतातच. म्हणून मिशिगनच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी जरा सावरूनच बसलो. तिकडे 1 ऑक्टोबरला धनुष्याने हरीण मारायचा हंगाम उघडतो, रीतसर परवान्यावर. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने यानेही परवाना काढलेला.

"काका, बाणाला पातं पक्कं घेऊ का उघडणारं?"

पक्क्या पात्याची धार कायम बाहेर. उघडणाऱ्याची पाती मिटलेली असतात, हरणाला लागली की छत्रीसारखी उघडतात. छत्री म्हटल्यावर माझं मत तिथेच ठरलं, तरी त्याचं सगळं ऐकून घेतलं. वजन दोन्हींचं साधारण 100 ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम. आणि एवढ्याशा लोखंडावरून तिकडे मित्रामित्रांत अबोला! पक्क्या पात्यात बिघडायला काही नाही, पण ते हवा धरतं. धनुष्य नीट जुळवलेलं नसेल तर बाण भलतीकडेच. उघडणारं सरावाच्या टोकासारखं सरळ जातं, जखमही रुंद करतं. मात्र उघडण्यातच थोडा जोर खर्च होतो. धनुष्य हलकं असलं किंवा बाण तिरपा हाडावर बसला, की पंचाईत.

भांडण खरं तर जनावर तडफडू नये यासाठीचं आहे, आणि ते जुनं आहे. उलट्या काट्यांचे कर्णी बाण लढाईत वापरू नयेत, असं मनुस्मृतीतही सांगितलंय. या कटकटीतून सुटलेले म्हणजे आपले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे. 2023 साली बर्लिनला दोघं कंपाऊंड धनुष्यात जगज्जेते झाले. त्यांच्या बाणाला पातं नसतंच. समोरचा कागद जखमी होऊन पळत नाही.

"पक्कं घे," मी म्हणालो. त्याने उघडणारं घेतलं. पहिल्या दिवशी तो झाडावरच्या मचाणावर अंधार पडेपर्यंत गारठत बसला, आणि तेवढ्यात हरणांनी घरामागे सूनबाईंनी लावलेली मेथी साफ केली.

आमच्याकडे पात्याचा प्रश्नच येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद. काळवीट तर पहिल्याच अनुसूचीत. त्यामुळे धावड्यातला वाद वेगळा: बुजगावणं का झटका मशीन?

बुजगावणं म्हणजे आमचं पक्कं पातं. दोन काठ्या, फाटका सदरा, डोक्याला चुना फासलेलं मडकं. बिघडत नाही, पण चौथ्या दिवशी रोही त्यालाच पाठ घासतो. झटका मशीन फार हुशार. सौर पाटी, बॅटरी, बांधाभोवती तार, आणि सेकंदा-सेकंदाला टक्, टक्. एका पावसात गवत वाढून तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत, आणि हरणं निवांत आत. एकाने भोंग्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावून पाहिलं. गावातल्या खऱ्या कुत्र्यांनी त्याला रात्रभर उत्तर दिलं. सगळा गाव जागा, हरणं तेवढी जेवत होती.

माझ्या शेजाऱ्याने मात्र यंदा दोन्ही केलंय. मशीन तर आहेच, आणि मशीनपाशी खाकी सदऱ्यातलं नवंकोरं बुजगावणं. मी म्हटलं, "अहो, हरणं खाकीला भितात व्हय?"

"हरणांसाठी नाही ते," तो म्हणाला. "मागच्या साली बॅटरी गेली चोरीला. हरणं काय बॅटरी नेत नाहीत."