रेकॉर्डची पिन घरच्या घरी दुरुस्त करा: बीड जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी पहिला पाठ

ज्यांच्या माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागे किंवा वाटणीत कुणालाच नको झालेल्या सामानात रेकॉर्ड प्लेअर निघाला आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. प्लेअर खाली उतरवला, फुफाटा झटकला, वायर लावली, की घरातलं कुणीतरी वडीलधारं बाजेवरूनच निदान करतं, "त्याची पिन गेलीय." निदान करणाऱ्यानं पिन पाहिलेली नसते. पाहून तरी काय कळणार? एलपीच्या पिनेच्या टोकाची गोलाई साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येची, म्हणजे सगळं टोक मिळून डोक्यावरच्या केसाच्या निम्म्या जाडीचं. बाजेवरून एवढं दिसत असेल तर त्या माणसाला पिनेच्या नव्हे, मोतीबिंदूच्या शिबिरात तपासनीस म्हणून पाठवावं.

साहित्य फार लागत नाही. सराफाचं भिंग, मऊ केसांचा छोटा ब्रश (मुलांच्या चित्रकलेच्या पेटीतला नको, त्यात मागच्या वर्षीचा रंग वाळलेला असतो), मोबाइलची बॅटरी, चार आण्याचं एक नाणं आणि "हे कशाला करायलाव?" असं न विचारणारा एक सोबती. यातली शेवटची वस्तू जिल्ह्यात सहजी मिळत नाही. कानस, पॉलिश पेपर आणि झटपट चिकटणारा डिंक या तीन गोष्टी मात्र दुसऱ्या खोलीत ठेवून कडी लावा.

आधी यंत्र ओळखा

तुमच्याकडे चावीचा फोनो असेल तर तुमचं काम सोपं आहे. तपासणी नाही, दुरुस्ती नाही. लोखंडी सुई एक बाजू वाजवायची आणि फेकायची. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी मिसळलेली असते, आणि ती मुद्दाम मिसळलेली असते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच ही भुकटी सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. म्हणजे सुईनं झिजावं हीच योजना. साडेतीन मिनिटांचं गाणं संपेपर्यंत ती इतकी झिजलेली असते की दुसरी तबकडी तिच्या हाती देणं धोक्याचं. कुत्र्याच्या चित्राच्या डब्या भरून सुया विकल्या जायच्या त्या याचसाठी. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत ती डबी लग्नातल्या अत्तरदाणीसारखी जपली जायची आणि सुई तीच, जरा फिरवून, पुन्हा लावली जायची. फिरवलेली सुई खाचेत तिरकी बसते, आणि झिजून सपाट झालेल्या बाजूची कड पुढच्या गाण्याला कापत जाते. जुन्या तबकड्यांवर बालगंधर्वांच्या मागे कुणीतरी पापड तळतंय असं वाटतं, त्यातला बराचसा पापड या काटकसरीचा आहे.

लोखंडी सुया मिळत नसतील तर एक अस्सल उपाय आहे, आणि त्याचा कच्चा माल जिल्ह्यात अमाप. बाभळीचा काटा. हसू नका. बांबूच्या आणि काट्यांच्या सुया एके काळी विलायतेत रीतसर पाकिटातून विकल्या जात. त्यांना टोक काढायची छोटी यंत्रंही मिळत. आवाज मऊ आणि थोडा दबका येतो, पण तबकडी कमी झिजते. घरच्या घरी पिनेला टोक काढायची हौस असेल तर ती इथे, याच एका ठिकाणी, भागवून घ्या. पुढे संधी नाही. काटा निवडताना वाळलेला, सरळ आणि ज्यावर शेळीनं अजून लक्ष ठेवलेलं नाही असा घ्यावा.

आणि चावीच्या फोनोवर एलपी लावू नका. पाहुण्यांनी आग्रह केला तरी नको. त्याच्या मुंडक्याचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जातं. एलपीला दोन ग्रॅमची सवय. एकदाच वाजेल, तेही नांगरल्यासारखं.

तुमच्याकडे विजेवर किंवा सेलवर चालणारा प्लेअर असेल, उदाहरणार्थ पेटीसारखा बंद होणारा एच.एम.व्ही.चा फिएस्टा, तर पुढचा पाठ तुमचा. अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं जून १९४८मध्ये एलपी बाजारात आणली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण पाठात एखादी सनावळ असली की शिकवणाऱ्यावर विश्वास बसतो. विजेवरच्या किंवा सेलवरच्या बऱ्याच प्लेअरांत मुंडक्यापाशी एक इवलीशी कळ असते. ती फिरवली की एका बाजूला ७८ची जाड पिन, दुसऱ्या बाजूला एलपीची बारीक. घरातल्या लहान मुलानं ती कळ फिरवून ठेवलेली असते. निम्म्या 'गेलेल्या' पिना कळ फिरवली की परत येतात. बाजेवरच्या निदानकर्त्याला हे सांगू नका, त्यांना वाईट वाटतं.

कानानं तपासणी

पिन नीलमाची असेल तर ती साधारण पन्नास तास चांगली चालते. हिऱ्याची असेल तर पाचशे ते हजार तास. पन्नास तास म्हणजे चाळीस मिनिटांच्या ७५ एलपी. रोज संध्याकाळी एक लावली तर अडीच महिन्यांत नीलम संपला. हिरा दोन वर्षं सहज काढतो. आता तुमची पिन किती तास वाजली ते घरात विचारा. उत्तर येईल, "तुझ्या आत्याच्या लग्नाआधी बसवली होती." आत्याला आता सून आली आहे. हिशेब सोडा, कान लावा.

एलपीच्या बाजूचं पहिलं गाणं ऐकू नका, शेवटचं ऐका. तबकडी बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर वेगानं सरकते. लेबलाजवळ तोच वेग वीस-एकवीस सेंटिमीटरवर येतो. तेवढंच गाणं कमी जागेत कोंबलेलं असतं, वळणं जवळजवळ येतात आणि झिजलेल्या पिनेला ती घेता येत नाहीत. त्यामुळे पहिल्या गाण्यात सगळे सज्जन वाटतात. शेवटच्या गाण्यात 'स', 'श', 'च' ही अक्षरं फाटायला लागली, गायकाच्या तोंडात सुपारी असल्यासारखं वाटलं, तर पिन संशयित आहे. ही चाचणी घरातल्या सर्वांत लाडक्या रेकॉर्डवर घेऊ नये. भीमसेन जोशींची रेकॉर्ड बाजूला ठेवा. व्यायामाच्या सूचनांची किंवा कुणीतरी कधीतरी भेट दिलेली, एकदाही न वाजलेली रेकॉर्ड प्रत्येक घरात असते. तिच्या जन्माचं प्रयोजन आज पूर्ण होऊ द्या.

लग्नाच्या मांडवात कर्ण्यांवर वाजलेल्या रेकॉर्ड स्वस्तात मिळाल्या असतील तर त्यांच्यावरून पिनेची परीक्षा करू नका. उन्हात तिरप्या धरून बघा, खाचांवर राखेसारखी करडी झाक दिसेल. ती धूळ नाही, ते झिजलेलं गाणं आहे. पुसून जात नाही, आणि नवी पिन बसवली तरी परत येत नाही.

डोळ्यानं तपासणी

भिंगासाठी सराफाकडे जावं लागेल. सुभाष रोडवरून प्लेअर बगलेत मारून जाताना तीन ओळखीचे भेटतील आणि तिघेही विचारतील, "बप्पा, कुठं चाललाव?" उत्तर थोडक्यात द्या. सराफाला सांगा की यात हिरा आहे. तो लगेच खुर्ची पुढे ओढेल. मग हिरा दाखवा. तो खुर्ची मागे घेईल. एवढ्या वेळात भिंग तुमच्या हातात आलेलं असतं.

सराफाच्या दहापट भिंगातून झीज दिसत नाही, हे इथे सांगायला हवं. दिसतो तो मळ. पिनेभोवती कापसाची सरकी काढायची राहून गेल्यासारखा एक बोंडका असतो. तो मळ हाच बहुतेक वेळा खरा आजार. मळ काढायला ब्रश मागून पुढे, म्हणजे प्लेअरच्या हाताच्या बुडाकडून आपल्याकडे, फिरवायचा. ज्या दिशेनं तबकडी पिनेखालून जाते तीच ही दिशा. उलट किंवा आडवा ब्रश फिरवला तर पिनेची बारीक नळी वाकते. आधी आवाज बंद करा, नाहीतर शेजारी धावत येतील. फुंकर मारू नका, त्यात थुंकी असते. बोटानं पुसू नका, बोटाला तेल असतं आणि नुकतीच पोळी खाल्ली असेल तर तूपही असतं. स्पिरीट ओतू नका, ते पिन धरून ठेवणारा डिंक सोडवतं. रॉकेलचा तर विचारच नको.

झीज पाहायची असेल तर शंभरपट तरी मोठं दिसलं पाहिजे. त्यासाठी जवळचं कनिष्ठ महाविद्यालय गाठा. तिथल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक दहाचं वरचं आणि दहाचं खालचं भिंग लावून शंभर करतो. प्रयोगशाळेतले मामा विचारतील, "कांद्याचा पापुद्रा आणलाव का?" हो म्हणा. पुढची गंमत अशी की खालचा आरसा इथे निकामी आहे. कांद्यातून उजेड जातो, पिनेतून जात नाही. म्हणून मोबाइलची बॅटरी वरून, बाजूनं मारा. चांगल्या पिनेच्या गोल टोकावर उजेडाचा एक टिपका दिसतो. झिजलेल्या पिनेवर दोन्ही बाजूंना सपाट चकचकीत डाग दिसतात. खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोन करतात आणि पिन दोन्हींना घासते, म्हणून डागही दोनच, समोरासमोर. एकच दिसला तर प्लेअर तिरका ठेवलेला होता, किंवा हात एका बाजूला ओढतोय.

दुरुस्ती

आता ज्या भागासाठी तुम्ही हा पाठ वाचायला घेतला, तो. मन घट्ट करा.

आपल्या जिल्ह्यात दसरा झाला की उसाच्या फडाकडे निघायच्या आधी घरोघरी कोयत्याला धार लागते. बोथट झालेलं घासायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून पिन झिजली म्हणजे बोथट झाली आणि बोथट झाली म्हणजे घासायची, इथपर्यंत आपण न थांबता पोहोचतो. पण झिजलेली पिन बोथट झालेली नसते. तिला धार आलेली असते. मूळचं टोक गोल होतं, खाचेत लोळत जायचं. दोन्ही बाजू सपाट झाल्या की त्या सपाटीच्या कडा तासणीसारख्या होतात, आणि तुमची पिन रेकॉर्ड ऐकायचं सोडून तिला सोलायला लागते. तिला आणखी धार लावणं म्हणजे फडात उतरलेल्या माणसाच्या हातात दुसरा कोयता देणं.

शिवाय कशावर घासणार? नीलम कडकपणात नऊ, हिरा दहा. चांगल्यातली चांगली कानस सातच्या आसपास. पिन घासायला गेलात तर कानसच झिजेल. हिऱ्याला हिऱ्याचीच भुकटी लागते, आणि केसाच्या निम्म्या टोकाला तीही कुशल हातानं, यंत्रावर. तेव्हा घरच्या घरी दुरुस्ती म्हणजे झिजलेली पिन काढून नवी बसवणं. मुंडक्यावरचा किंवा डब्यावरचा नंबर बघायचा आणि तोच मागवायचा. मुंबईच्या चोर बाजारात मिळते, पुण्याच्या जुन्या बाजारात कधी मिळते कधी नाही, आणि कुरिअर तर आता तालुक्यापर्यंत येतं. टाकून द्यायची आणि नवी घ्यायची, हे आमच्याकडे पाप समजलं जातं. सायकलच्या ट्यूबला पंक्चरवर पंक्चर काढणारी माणसं आम्ही. पण इथे उपाय नाही.

हातानं दुरुस्त होतं ते वजन. पिन उड्या मारायला लागली की मुंडक्यावर नाणं ठेवायची जुनी रीत आहे. १९९२मध्ये आलेलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅमचं. दोन ग्रॅमच्या पिनेवर ते ठेवलं की एकूण जवळजवळ सात होतात. चार आण्याचं स्टीलचं नाणं २.८३ ग्रॅम. चार आणे ३० जून २०११ला चलनातून गेले, म्हणून आता त्यांचं काम एवढंच उरलं. फिएस्टासारख्या जुन्या पिना पाच-सहा ग्रॅम खपवून घेतात, नव्या घेत नाहीत. नेमकं वजन हवं असेल तर परत सराफाकडे जा. त्याच्या काट्यावर पिन अलगद टेकवायची. तो ओळखेल तुम्हाला. या वेळी खुर्ची मिळणार नाही.

पिन एकाच ओळीवर अडकत असेल तर मात्र पिनेला दोष देऊ नका. तो बहुतेक वेळा रेकॉर्डवरचा ओरखडा असतो. एकाच ओळीवर अडकणं आम्हाला ओळखीचं आहे: परळीपर्यंतची रेल्वे येणार, येणार, हे आम्ही पाव शतकाहून जास्त ऐकलं आणि गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत पोहोचली. तिथे खालून हात लावून पुढे सरकवणं लागतं. रेकॉर्डवर तसं करताना हलक्या बोटानं, बाजूला, एकदाच.

नवी पिन बसली, शेवटच्या गाण्यातले 'स' जागेवर आले, की जुनी पिन मोडा. नुसती काढून ठेवू नका. नव्या आणि जुन्या पिनेत नुसत्या डोळ्याला काही फरक दिसत नाही, आणि दोन्ही एकाच काडेपेटीत गेल्या की सहा महिन्यांनी कोणती कोणती हे सराफालाही सांगता येणार नाही. मोडायला निघालात की आतून आवाज येईल, "असू द्या की, कधी लागली तर." हो म्हणा. पेटीत ठेवल्यासारखं करा. आणि दिवा मालवल्यावर मोडा.