पंच म्हणून इथं सही करा

पोरीचा दोन-दोन ठिकाणी नंबर लागला की माणूस पेढे वाटतो. आमच्या पटवारीभाऊंनी मतं गोळा करायला घेतली.

पावसाळा लागता लागता असा एक बाप प्रत्येक गल्लीत मोकळा सुटतो, हे तुम्हाला सांगायला नको. हातात पिशवी, पिशवीत मार्कशीटच्या झेरॉक्स, चेहऱ्यावर ‘तुम्ही आपले म्हणून विचारतो’. पण बाकीचे बाप मत विचारतात, चहा पितात आणि जातात. पटवारीभाऊ मत लिहून घेतात, वाचून दाखवतात आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवतात, “पंच म्हणून इथं सही करा जी.”

हाताला लागलेलं वळण आहे ते. सरकारी कागदावर भाऊ आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, त्याआधी तलाठी होते. मोहाडी तालुक्यातल्या त्यांच्या सजात मात्र सगळे त्यांना पटवारीच म्हणतात. धान पाण्याखाली गेलं, करा पंचनामा. भिंत खचली, करा पंचनामा. वीज पडून बैल मेला, करा पंचनामा. मग लेकीच्या इंजिनिअरिंगचा काऊन नाही?

प्रकरण असं की एकीकडे नागपूरची व्हीएनआयटी, शाखा मायनिंग. दुसरीकडे पुण्याचं सीओईपी, शाखा इलेक्ट्रिकल. एनआयट्यांची जोसाची यादी आधी लागते, राज्याची कॅप मागाहून रांगत येते. म्हणजे नागपूरची जागा पैसे भरून धरून ठेवायची आणि पुण्याकडे डोळे लावून बसायचं. या मधल्या दिवसांत बाकीच्यांची झोप उडते. भाऊंना तर चौकशीला मुदतवाढ मिळाल्यासारखं झालं.

पहिला पंच मी. सकाळचे साडेसहा, माझ्या तोंडात ब्रश.

“नागपूर,” मी फेस आवरत म्हणालो. “तासा-दीड तासाची वाट आहे. सणावाराला पोरगी घरी येईल.”

“बरोबर,” भाऊंनी लिहून घेतलं. मग पेन थांबलं. “पण सीओईपी १८५४ चं हाये. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं ना, त्याच वर्षाचं. आपल्या इकडं राज्य बुडून राहिलं होतं आणि तिकडं इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू झाले. काहीतरी फरक पडत असनच ना?”

“मग पुणे घ्या.”

“बरोबर.” पुन्हा लिहिलं. “पण व्हीएनआयटी केंद्राची. १९६० चं कॉलेज, २००२ पासून एनआयटी. खुद्द विश्वेश्वरय्यांचं नाव हाये.”

“मग नागपूर.”

“बरोबर. पण विश्वेश्वरय्या सोता कोठं शिकले? पुण्याच्याच कॉलेजात!”

मी गुळणी केली. ती होईपर्यंत कागद तयार होता: ‘आम्ही खालील सही करणार पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, नागपूर योग्य, परंतु पुणेही अयोग्य नाही.’ खाली माझं नाव, वय, धंदा, राहणार खांब तलावाजवळ, भंडारा. सही झाल्याशिवाय गृहस्थ ओट्यावरून उठेना. शेवटी ब्रश तोंडात धरूनच सही केली.

पुढचे काही आठवडे भंडारा शहरात आणि आसपास भाऊंना टाळून जगणं अवघड होतं. न्हाव्यानं मत दिलं, कारण त्याच्या हातात वस्तरा असला तरी भाऊ बोलायचे थांबत नव्हते. तुमसरच्या एसटीत वाहकानं तिकिटं फाडता फाडता मत दिलं. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून बीपी मोजत होते. त्यांनाही विचारलं आणि ‘नागपूर’ हे उत्तर १४० आणि ९० च्या शेजारी नोंदवून घेतलं. एका तेरवीच्या पंगतीत तर शेजारी बसलेल्या, मुंडण केलेल्या थोरल्या मुलाला त्यांनी हळूच विचारलं. त्या बिचाऱ्यानं कढीचा भुरका घेत ‘पुणे’ म्हटलं. मग भाऊंना आपल्याच वागण्याचा संकोच वाटला असावा, कारण त्याची सही त्यांनी जेवण झाल्यावर घेतली.

दोन्ही ठिकाणची स्थळपाहणीही झाली. महाराष्ट्र एक्सप्रेसनं अख्खा दिवस घालवून पुण्याला गेले आणि चतुःसीमा लिहून आणल्या. सीओईपीच्या एका अंगाला नदी, तिथं विद्यार्थ्यांचा बोट क्लब. “पोरं होड्या वल्हवून राहिले जी. पूररेषेची चौकशी करा लागन.” व्हीएनआयटीच्या एका बाजूला दक्षिण अंबाझरी मार्ग, आत झाडी भरपूर, अतिक्रमण आढळून आलं नाही. मेसच्या भाताची तर दोन्हीकडे रीतसर पैसेवारी काढली. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई, हे आमच्या धानाच्या जिल्ह्यातलं पोरसुद्धा सांगेल. पुण्याचा भात पंचेचाळीस पैशांवर अडकला. नागपूरचा बावन्न. “पण पुण्यात पोळी चांगली हाये,” भाऊंनी लगेच शेरा मारला.

घरात वहिनींचं मत त्यांनी घेतलं नव्हतं. वहिनींनीच आम्हाला सांगितलं, “मले पाह्यला आले होते ना, तेव्हा सोबत नऊ माणसं आणली होती. तेव्हाच समजा लागत होतं.”

खर्चाचा मुद्दा निघाला तेव्हा वेगळीच गंमत झाली. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. भाऊंचा पगार त्या हद्दीच्या नेमक्या बांधावर येऊन उभा राहिला. साऱ्या गावाच्या उत्पन्नाचे अहवाल एका बैठकीत लिहिणारा हा माणूस स्वतःच्या उत्पन्नापुढे रात्र रात्र बसून राहिला. महागाई भत्ता या बाजूला की त्या बाजूला? आम्ही म्हटलं, “एखादा हजार इकडे-तिकडे कोण पाहतो?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रात्रीतून शेजाऱ्याच्या शेतात धुरा सरकवून आलो होतो.

आता खरी गोष्ट. भाऊंच्या पिशवीतल्या वहीत मतं पुष्कळ आहेत, सह्या फार थोड्या.

आमच्या भागातले एक राइस मिलवाले आहेत. त्यांनी मायनिंगचं नाव ऐकताच गल्ल्यावर हात आपटला. “पोट्टीले खाणीत घालता? पागल झाले का पटवारी? डोळे मिटून पुण्याले धाडा!” पाऊण तास बोलले. चहा दोनदा आला. भाऊंनी सगळं उतरवलं, वाचून दाखवलं, पेन पुढे केलं. मिलवाले एकदम मवाळ झाले. “सही कायले? आपण तं असंच बोललो. उद्या काही कमीजास्त झालं तं माहं नाव नको.”

एका निवृत्त प्राध्यापकांनी कायदा काढला. १९५२ च्या खाण कायद्यानं बाईमाणसाला जमिनीखालच्या खाणीत उतरायला मनाई आहे, हे त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. भाऊंनी पिशवीतून दुसरा कागद काढला: २०१९ मध्ये केंद्रानं अटी घालून ती मुभा दिली आहे. सर म्हणाले, अस्सं, तर मग मायनिंगला हरकत नाही. पेन पुढे गेलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हे माझं व्यक्तिगत मत आहे. लेखी कशाला?”

पुण्यात स्थायिक झालेल्या मेहुण्यानं फोनवर चाळीस मिनिटं पुण्याचं माहात्म्य सांगितलं. “हेच व्हॉट्सअपवर लिहून पाठवता का? खाली नाव टाका,” एवढंच भाऊ म्हणाले. त्याच्या फोनची रेंज तेव्हापासून गेली आहे ती आजतागायत आली नाही. लॉजमध्ये न उतरता भाऊ स्थळपाहणीला त्याच्याकडेच उतरले असते, हीही भीती त्यात असेल म्हणा.

सही मागेपर्यंत भंडाऱ्यात प्रत्येक जण करिअर मार्गदर्शक आहे. तोंडी सल्ल्याला ना स्टॅम्प लागतो ना साक्षीदार. पेन पुढे आलं की मग आठवतं की पोरगी दुसऱ्याची आहे, चार वर्षं तिची आहेत आणि आपण मिलमधल्या खुर्चीवर बसून तिच्या आयुष्याचा भाव सांगत होतो. या माणसाचा मला वीट आला होता, अजूनही थोडा आहे. पण गावातल्या सल्ल्यांना पहिल्यांदा कोणी वजनकाट्यावर चढवलं असेल, तर या पिशवीवाल्यानं.

आणि त्यांचं तरी काय चुकलं? नोकरीभर दुसऱ्यांच्या जमिनी लिहिल्या. फेरफाराची नोंद पटवाऱ्यानं धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतींची वाट पाहायची. मंजूर की नामंजूर ते मंडळ अधिकारी पाहणार. ज्याच्या अक्षरात अख्ख्या सजाची शेती लिहिलेली आहे, त्याला स्वतःच्या हातानं एकदाही ‘मंजूर’ लिहिता आलेलं नाही. जोसाच्या संकेतस्थळानं रात्री त्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले, फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड, तेव्हा मीही तिथं होतो. भाऊंनी पडदा खाली-वर करून पाहिला. ‘मार्गदर्शनार्थ वरिष्ठांकडे सविनय सादर’ हा पर्याय त्यात कुठेच नव्हता.

कॅपचीही यादी लागली, पुणे पक्कं झालं आणि एक जागा सोडायची वेळ आली, त्या संध्याकाळी त्यांनी अर्जदाराचा जबाब घेतला. अर्जदार म्हणजे लेक. इतके दिवस तिला कोणी काही विचारलं नव्हतं, कारण जबाब शेवटी घ्यायचा असतो. पोरगी भिंतीला टेकून धानाच्या पोत्यावर बसली होती.

“मायनिंग,” ती म्हणाली.

“बरोबर,” भाऊंनी लिहिलं. “पण इलेक्ट्रिकलले कोठंही नोकरी भेटते.”

“भेटू द्या. मायनिंग.”

“पण पुणे...”

“बाबा, आबाजी चिखल्याच्या खाणीत नव्हते का?”

तुमसर तालुक्यातली चिखल्याची मँगनीजची खाण, जमिनीखालची. भाऊंचे वडील तिथं मजूर होते. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. भाऊ थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुह्या आबाजीले विचारलं असतं ना, तं त्यानं पुणेच सांगितलं असतं. वर ये मनला असता.”

“त्यांची सही घेतली असती का?”

“अंगठा,” भाऊ म्हणाले. “त्याले सही येत नव्हती.”

पोरीनं कागद ओढून घेतला, वाचलाही नाही, सही केली. अख्ख्या वहीत पेन पुढे करण्याआधी झालेली ही एकच सही. भाऊंनी खाली ‘समक्ष’ लिहून आपलं नाव टाकलं. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आडव्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मंजूर’.

पोरगी आता नागपूरला आहे. परवा बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर आम्ही दोघं उभे होतो. ठेलेवाला खर्रा घोटत होता आणि पलीकडे मिलवाले पाच-सहा जणांना ऐकू जाईल असं सांगत होते, “पटवाऱ्याची पोट्टी मायनिंगले लागली. मीच तं मनलो होतो, जमाना बदलला, बिनधास्त धाडा!”

भाऊंनी खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवली, पिशवी काढली, जिभेला बोट लावून वहीची पानं उलटली आणि मिलवाल्यांच्या पुढ्यात धरली.

“हे पाहा, मत पुण्याचं हाये,” ते म्हणाले. “बदलायचं असन तं बदला, काही हरकत नाही. फक्त या वेळी इथं सही करा जी.”