रंग कुठला आणलात?

2019 च्या फेब्रुवारीत कॉलेजची पोरं सेवाकार्यासाठी नेपाळला निघाली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मला धाडण्यात आलं. 'परदेश' म्हटल्यावर नातेवाईक हरखले होते. एकीच्या मावशीनं परफ्यूमची बाटली सांगून ठेवली होती. पण पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सुनौलीची कमान पायी ओलांडायची आणि पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं, हे कळल्यावर मावशी खट्टू झाल्या. शेवटी रुद्राक्षावर तडजोड झाली.

कमानीपलीकडे घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं असतं. आमच्या पोरांनी ते शेवटपर्यंत केलं नाही, त्यामुळे नेहमीच्या उशिरात रोज पाव तासाची भर पडत गेली. पैशाचं गणित मात्र सगळ्यांना लगेच जमलं: आपल्या शंभराचे तिथे 160. एका वडिलांनी चिरंजीवांच्या आतल्या खिशात दोन हजारांच्या नोटा शिवून दिल्या होत्या. नेपाळनं डिसेंबरातच शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. गटातला सर्वात श्रीमंत मुलगा परतीपर्यंत इतरांच्या पैशांनी चहा प्यायला.

सेवेसाठी आमच्या वाट्याला आलेली शाळा नुवाकोट जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात या जिल्ह्याची वाताहत झाली होती. शाळा नंतर नव्यानं बांधलेली. आम्ही काठमांडूहून रंगाच्या बादल्या घेऊन पोचलो. मुख्याध्यापकांनी चहा दिला, वास्तपुस्त केली आणि फार अदबीनं विचारलं, "रंग कुठला आणलात?" प्रश्नाचा अर्थ भिंतीजवळ गेल्यावर कळला. जिथे पोपडा सुटला होता तिथे निळ्याखाली पिवळा दिसत होता आणि पिवळ्याखाली गुलाबी. चार वर्षांत त्या शाळेवर तीनदा सेवा झालेली होती.

शाळेला खरं तर हवं होतं पाणी. वरच्या झऱ्यावरून येणारा पाइप उघड्यावर पडलेला, गुरांच्या पायाखाली येऊन सारखा फुटायचा. तो पुरायला चर खणायचा होता. जिममध्ये दंड फुगवलेल्या पोरांनी आधी कुदळीसकट फोटो काढले. मग दहा-बारा घाव घातले आणि तळहात बघत बसली. तेवढ्यात जुन्नरकडची एक मुलगी पुढे झाली. बसमध्ये हिच्या बोलण्याच्या हेलाची सगळ्यांनी चेष्टा केली होती. तिनं कुदळीचा दांडा हलवून पाहिला, ढिला निघाला. दगडावर दोनदा आपटून घट्ट केला. "आधी पाणी मारा मातीवं. अन् कंबर मोडू नगा, पाय फाकवून उभं ऱ्हावा." संध्याकाळपर्यंत सगळे तिला ताई म्हणायला लागले. गावातले दोन दाजू, म्हणजे थोरले भाऊ, रोज येऊन आमचा चर मुकाट्यानं सरळ करून जात, हेही नोंदवायला हवं.

जेवण मात्र आम्ही मन लावून केलं. सकाळी दहाच्या सुमाराला दाल-भात-तरकारी, रात्री पुन्हा दाल-भात-तरकारी. ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्या आमा, म्हणजे आई, भाताची पळी घेऊन उभ्या. आग्रहात आपण कोकणी माणसाला वाखाणतो, पण या आमांपुढे तोही पान सोडून पळाला असता. दोन जेवणांमध्ये पोहे नाहीत या दुःखानं पोरं चिवड्याच्या पिशव्या पोखरत. गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, पहिल्या दिवशी नाकाला झोंबली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावरून भांडणं झाली. आमांना भातावर मेतकूट घालून दिलं. त्यांनी चाखलं, क्षणभर विचार केला आणि डबाच फडताळात ठेवून दिला. बदल्यात गुंद्रुकाची पुरचुंडी मिळाली.

शनिवार तिथला सुट्टीचा वार. आम्ही भक्तपूर गाठलं. भूपतींद्र मल्लानं 1702 मध्ये बांधलेलं पाच छपरांचं न्यातपोल मंदिर, भूकंपातही उभं राहिलेलं. पायऱ्यांवर खालून वर राखणदारांच्या जोड्या आहेत. सर्वात खालचे मल्ल साध्या माणसाच्या दसपट ताकदीचे, त्यांच्या दसपट हत्ती, त्यांच्या दसपट सिंह, असं वर चढत जायचं. आमचे जिमवाले मल्लांच्याही खालच्या पायरीवर टेकले, ते बरोबरच होतं. जुजु धौ तिथेच खाल्लं. दह्यांचा राजा म्हणतात त्याला. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या भांड्यात लावलेलं. मातीनं पाणी शोषल्यामुळे चमचा उभा राहील इतकं घट्ट. चितळ्यांच्या गावची पोरं होती, पण भांडी चाटूनपुसून परत केली.

पोरं घेऊन अशा सेवेला कुणी निघणार असाल तर आधी तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून काय हवंय ते विचारा. बरोबर शेतावर वाढलेलं एक तरी पोर घ्या. आणि रंग नेऊ नका. आमचा हिरवा आम्ही तिथेच ठेवून आलो आहोत.