चष्मा टेबलावर, साहेब व्हरांड्यात

प्राध्यापकाच्या तक्रारीची सुनावणी न्याय्य व्हावी यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठ पातळीवरच्या तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. मात्र गोंदिया जिल्ह्यासाठी विद्यापीठ नागपुरात आहे आणि देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या प्राध्यापकाचा तिथे जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. म्हणून 'आधी घरातच मिटवू' या भावनेने महाविद्यालय चालवणारी संस्था स्वतःची समिती नेमते. येथे विचार त्या समितीचा आहे.

तक्रार लेखी असावी, तिला आवक क्रमांक मिळावा. क्रमांक देणारा लिपिक हजर असतो. शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली सचिवसाहेबांकडे असते.

नोटीस पुरेशी आधी द्यावी आणि जे कागद वापरले जाणार त्यांच्या प्रती सोबत द्याव्यात. प्रत्यक्षात नोटीस रात्री व्हॉट्सॲपवर येते, सुनावणी सकाळी अकराला असते आणि कागद 'तिथंच दाखवू' असे ठरते.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने समितीत बसू नये. हे तत्त्व सर्वांना मान्य आहे आणि पाळलेही जाते. तक्रार संस्थेच्या सचिवांविरुद्ध असली की सचिव उठतात, "मी बाहेर बसतो, तुम्ही मोकळेपणानं बोला" म्हणतात आणि व्हरांड्यात जातात. इतिवृत्तात तशी नोंद होते. चष्मा मात्र टेबलावर राहतो. त्याची जागा मधल्या खुर्चीसमोर, काचा तक्रारदाराकडे. उरलेल्या सदस्यांत एक सचिवांचे साडभाऊ, एक त्याच संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि एक प्राचार्य, ज्यांच्या पेन्शनच्या कागदांवर सचिवांची सही व्हायची आहे. तिघेही बोलताना चष्म्याकडे बघून बोलतात. तक्रारदाराने सचिवांचे नाव घेतले की मुख्याध्यापक चष्म्याकडे अशा नजरेने पाहतात, जणू त्याला वाईट वाटले असावे. चहा येतो तेव्हा शिपाई एक कप चष्म्यापुढेही ठेवतो; त्याला कोणी टोकत नाही. एखादा मुद्दा फारच खरा निघाला तर प्राचार्य फाईल सरकवून काचा झाकतात, आणि समितीच्या इतिहासात यापेक्षा मोठे धाडस नोंदलेले नाही. अर्ध्या तासाने सचिव दारात येतात. "चष्मा राहिला वाटतं," म्हणत तो उचलतात, "काय, झालं का सरांचं?" असे विचारतात आणि पुन्हा बाहेर जातात. जाताना मोबाइल ठेवून जातात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात विंगेत गेलेले पात्र तिथूनच बोलत राहते, तसे मग मोबाइल वाजू लागतो आणि साडभाऊ तो उचलून "हो, चालूच आहे" असे उत्तर देतात.

१९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वनखात्यातल्या निवडीचे एक प्रकरण आले होते. निवड मंडळाचा एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. स्वतःचे नाव निघाले तेव्हा तो उठून गेला, प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा बसून राहिला. न्यायालयाने ती निवड रद्द केली. त्या निकालात चष्म्याचा उल्लेख नाही, त्यामुळे चष्म्यापुरता कायदा आपल्या बाजूने आहे, असे संस्थाचालक धरून चालतात.

दोन्ही बाजू ऐकाव्यात, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत. साक्षीदार सहकारी असतो, त्याची कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल अडलेली असते आणि त्या दिवशी त्याच्या घरी पाहुणे येतात.

हे सर्व कायम प्राध्यापकांपुरते झाले. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला सुनावणीच नसते. त्याने तक्रार केली तर त्याला कोणी काढत नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचे नाव नसते, एवढेच. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला हा माणूस पावसाळ्यात बापाच्या धानाच्या बांधीत रोवणीला वाकतो, मग वर्गात जाऊन कायम प्राध्यापकाइतकाच अभ्यासक्रम शिकवतो आणि झालेल्या तासांचे पैसे मिळावेत म्हणून महिनोन्महिने त्याच लिपिकापुढे उभा राहतो. पगार मागितला की 'तुम्ही कुठं संस्थेचे कर्मचारी?' आणि नॅकचे मूल्यांकन आले की तोच प्राध्यापकवृंदाच्या फोटोत पहिल्या रांगेत. हा निर्लज्जपणा आहे. त्याला प्रशासकीय अडचण म्हणणाऱ्यांनी एकदा एक महिना बिनपगारी शिकवून पाहावे.

सुनावणी झालीच तर निर्णय लेखी आणि कारणांसह असावा, तक्रारदाराला त्याची प्रत मिळावी. निर्णय बहुधा दोन ओळींचा असतो: दोन्ही बाजू ऐकल्या, तक्रारीत तथ्य आढळले नाही. प्रत न मिळाल्यास अनुदानित महाविद्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसल्यास विद्यापीठाच्या समितीकडे जाता येते. तो अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे सचिवांच्या सहीने पाठवावा, असे लिपिक सांगतो.