पन्नास नंबरचा रस्ता आणि नाना

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना लास व्हेगास दाखवून आणणं हा तिकडच्या मराठी घरांतला कुळाचारच. कॅलिफोर्नियात लेकीकडे आलेल्या नानांनी मात्र व्हेगासमधल्या पहिल्याच रात्री नकाशा उघडून जावयाला पेचात पकडलं.

"जावईबापू, हे व्हेगास नव्हेच!"

नानांचं खरं होतं. झगमगत्या हॉटेलांची ती प्रसिद्ध 'स्ट्रिप' बहुतांशी लास व्हेगासच्या हद्दीबाहेर, पॅरडाइज नावाच्या वस्तीत मोडते. शहराने या हॉटेलांना पोटात घेऊन कर लावू नये म्हणून १९५० साली ही वस्ती वेगळी काढण्यात आली. मग नानांना लॉटरीचं तिकीट हवं झालं. ते मिळेना. जुगार १९३१ पासून कायदेशीर असलेल्या नेव्हाडात सरकारी लॉटरी नाही; राज्यघटनाच आडवी येते!

"आता खरा नेव्हाडा दाखवा," नानांनी फर्मावलं. मागच्या सीटवर नानांच्या सौभाग्यवती माईंनी थालीपिठांचा डबा मांडीवर घेतला.

राज्याचं क्षेत्रफळ २ लाख ८६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंच कमी. लोकसंख्या मात्र २०२० साली ३१ लाख, आणि चारातले जवळजवळ तीन जण व्हेगासच्या आसपासच राहतात. उरलेल्या मुलखात डोंगरांच्या तीनशेवर रांगा आहेत, बहुतेक उत्तर-दक्षिण. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणारा पन्नास नंबरचा रस्ता घाट चढतो, उतरतो, दरीतून नाकासमोर धावतो आणि पुन्हा घाट चढतो. १९८६ साली 'लाइफ' मासिकाने त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता ठरवलं. राज्याच्या पर्यटन खात्याने रागावण्याऐवजी पुस्तिका छापली: गावोगाव शिक्के मारून घ्या, वाचलात म्हणून प्रशस्तिपत्र मिळवा.

या रस्त्यावरच्या युरेका गावाचा शिक्का मिळाला, पण नानांची गाडी अडली ती तिथल्या १८८० सालच्या नाट्यगृहाशी. जेमतेम काहीशे वस्तीचं गाव, आणि लाल पडद्याचं थिएटर! खाणींच्या भरभराटीत ते उभं राहिलं. नानांनी बाल्कनीकडे बघून प्रयोगाला किती माणसं मावतील याचा हिशेब मांडला. माईंनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

"पाऊस कुठंय हो इथला?" माईंनी विचारलं. पाऊस सिएरा नेव्हाडा पर्वताने पलीकडेच अडवलेला असतो. सह्याद्रीआडच्या माणदेशाची जी तऱ्हा, तीच इथली. वर्षाला सरासरी पंचवीसेक सेंटिमीटर पाऊस, देशात सर्वांत कमी. हम्बोल्ट नदी तर पाचशे किलोमीटर वाहून समुद्राचं तोंडही न बघता एका खोलगट जागेत जिरून जाते. तापमानालाही धरबंध नाही: लाफलिनला १९९४ मध्ये जवळपास ५२ अंश, तर सॅन जसिंटोला १९३७ मध्ये उणे ४५.

पुढे फॅलन गावाच्या अलीकडे, मिडलगेटजवळ, रस्त्याकडेच्या एका झाडाला पानांऐवजी बूट लागलेले दिसतात. लेस बांधून फेकलेल्या जोड्या, काही उन्हाने वाकलेल्या. मूळचं झाड २०१० च्या अखेरीस कुणीतरी कापलं, तर लोकांनी शेजारच्या झाडावर बूट फेकायला सुरुवात केली. नानांचा हात चपलेकडे गेला. माईंच्या एका कटाक्षाने तो परतला.

तुम्हाला जायचं असेल, तर याच रस्त्यावरच्या ऑस्टिन गावातच टाकी भरून घ्या. तिथून फॅलन १७७ किलोमीटर आहे, आणि मोबाइलला वाटेत बराच वेळ रेंज नसते.