लाखेची गोष्ट

भूमिअभिलेख खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या मनुष्याला निवृत्तीनंतर दोनच व्यसने जडू शकतात, असा माझा अनुभव आहे : एक, शेजाऱ्याच्या कुंपणाची मनातल्या मनात मोजणी करीत बसणे; आणि दुसरे, दिसेल त्या जुन्या वस्तूचा मूळ उतारा शोधीत हिंडणे. पहिल्याने शेजारी तुटतो, दुसऱ्याने बँकेतील मुदतीची ठेव मोडते. शेजारी सज्जन असल्यामुळे आणि ठेव माझीच असल्यामुळे मी दुसरे व्यसन पत्करले, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी, बीटल्स नामक चौघा इंग्रज गवयांच्या जुन्या तबकड्यांच्या मागे लागून, साताऱ्याहून निघालो तो थेट लिव्हरपुलास पोहोचलो.

या चौघांशी माझा परिचय जुना. पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीवर मडगावचा एक विद्यार्थी होता. एक रेकॉर्ड प्लेयर, बीटल्सच्या दोन तबकड्या आणि परीक्षेविषयी अढळ वैराग्य, एवढीच त्याची स्थावरजंगम मालमत्ता. त्या दोन तबकड्या मी दोन वर्षे अहोरात्र ऐकल्या. प्रथम नाइलाजाने, मग आवडीने. परंतु आवड निराळी आणि संग्रह निराळा. ज्याला गाणे हवे असते त्याला कोणतीही तबकडी चालते. संग्राहकाला हवा असतो पुरावा. तबकडी पहिल्या छाप्याची की दुसऱ्या, कोणत्या साच्यातून उतरली, लेबलाच्या कडेला कंपनीचे कोणते नाव आहे, याची रुजुवात झाल्यावाचून त्याला अन्न गोड लागत नाही. "एकच गाणे अकरा तबकड्यांवर कशाला हवे?" असा सवाल आमच्या कुटुंबाने एकदा केला, तेव्हा "एकच शेत अकरा उताऱ्यांवर असते तसे," असे मी उत्तर दिले, त्यावर "म्हणूनच ते कोणाला कसता येत नाही," असा अभिप्राय मिळून प्रकरण दप्तरी दाखल झाले.

लंडनला पुतण्याकडे उतरलो. विमानतळापासून जवळच हेझ नावाचे उपनगर आहे. तेथे ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्याची कोनशिला नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या हस्ते १९०७ साली बसली, आणि पुढे बीटल्सच्या इंग्लंडातील तबकड्या प्रामुख्याने त्याच कारखान्यात छापल्या गेल्या. एका रविवारी पुतण्याने मोठ्या मायेने मला तेथे नेले. कारखान्याच्या जागी आता सदनिका उठल्या असून वसाहतीला 'द ओल्ड व्हायनल फॅक्टरी' असे नाव दिले आहे. म्हणजे आपल्याकडे आमराई तोडून बांधलेल्या इमारतीस 'आम्रकुंज' म्हणतात, तोच प्रकार. या भूमीवर पादत्राणे काढावीत किंवा कसे, अशा विचारात मी उभा असता बाळाची गाडी ढकलीत चाललेल्या एका बाईंनी अदबीने विचारले, "आपण जागा पाहायला आलात का?" मी म्हटले, "होय. पण साठ वर्षे उशीर झाला." पुतण्या हलकेच म्हणाला, "काका, चला, पाऊस येतोय."

दुसऱ्या दिवशी यूस्टन स्थानकात गाडीत बसलो आणि दुपारच्या आत लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकावर उतरलो. उतरताच चहा घेतला, आणि त्या चहासमवेत माझ्या आयुष्यातील एक अभूतपूर्व प्रसंग ओढवला. चहावाली स्त्री पेला पुढे सरकवीत म्हणाली, "हा घ्या, लव्ह." अडतीस वर्षांच्या संसारात 'अहो' याखेरीज कोणतेही संबोधन न ऐकलेल्या मनुष्याची यावर काय अवस्था व्हावी! सदर शब्द आपल्यालाच उद्देशून आहे याची खातरजमा करण्यासाठी मी मागे वळून पाहिले; मागे एक कबुतर होते. पुढे ध्यानात आले, की हा शब्द तेथे चहावाली, बसवाली, फळवाली सर्वांना सारखाच वाटते, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

शहरात हिंडताना माझ्यातील कारकून ठायी ठायी जागा होत होता. मॅथ्यू स्ट्रीटवरील कॅव्हर्न क्लब हे ज्या तळघरातून बीटल्सचा उदय झाला ते स्थान. १९५७ साली सुरू झालेला हा क्लब रेल्वेला भुयारी मार्गाच्या हवेसाठी धारे काढायचे म्हणून संपादित झाला, १९७३ साली पाडून बुजवला गेला, आणि ते धारे शेवटपर्यंत काढलेच नाही. हे ऐकून मला परदेशात प्रथमच घरच्यासारखे वाटले. पुढे १९८४ साली जुन्याच पुष्कळशा विटा वापरून तो पुन्हा उभा केला. प्रकल्पग्रस्त विटांचे इतके चोख पुनर्वसन मी नोकरीत एकदाही पाहिले नाही.

केन्सिंग्टन नावाच्या रस्त्यावर ३८ क्रमांकाचे एक साधे घर आहे. पर्सी फिलिप्स नावाचे गृहस्थ तेथे ध्वनिमुद्रण करून देत. १९५८ साली, बीटल्स हे नाव जन्मास येण्यापूर्वी, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि त्यांचे दोन सवंगडी येथे आले व त्यांनी दोन गाणी मुद्रित करवून घेतली. पैशांच्या मानाने तबकडी निघाली एकच, आणि मालक झाले पाच. तेव्हा आपल्याकडे भाऊबंदांत देवाची पाळी असते त्याप्रमाणे प्रत्येकाने ती एक-एक आठवडा ठेवावी असे ठरले. पाळी फिरत फिरत पियानो वाजवणाऱ्या जॉन लो यांच्याकडे आली आणि तेथे तेवीस वर्षे मुक्कामास राहिली. अखेर १९८१ साली मॅकार्टनी यांनी ती त्यांच्याकडून विकत घेतली. देवाची पाळी ज्याच्याकडे थांबते त्याच्याच नावे वहिवाट लागते, हे तत्त्व साताऱ्यापासून लिव्हरपूलपर्यंत अबाधित असल्याचे पाहून मी त्या घराला नमस्कार केला.

आता मुख्य कामाकडे वळतो. एका गल्लीत जुन्या तबकड्यांचे एक अंधारे दुकान होते. दुकानदार पांढऱ्या केसांची वेणी घातलेला, मितभाषी आणि संशयी. म्हणजे थोडक्यात, उत्तम तलाठी होण्यास लायक. मी भिंग काढलेले पाहताच त्याने खिशातून बॅटरी काढली, आणि त्या क्षणी आम्ही एकाच संप्रदायाचे आहोत हे दोघांनीही ओळखले.

तबकडीवर गाण्याचे पीक जेथे संपते आणि लेबलाचे गावठाण जेथे सुरू होते, त्या दोहोंमध्ये गुळगुळीत अशी एक गायरानाची पट्टी असते. सामान्य श्रोता तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. संग्राहकाचे मात्र सारे दप्तर तेथेच असते. घड्याळात सहा वाजतात त्या जागी मूळ कोरणीचा क्रमांक. त्या कोरणीवरून धातूचा जो पहिला ठसा उठतो त्याला कारखान्यात 'बाप' म्हणत, बापावरून निघते ती 'आई', आणि आईपासून साचे. त्या आईचा क्रमांक नवाच्या जागी, आणि साच्याचा तिनाच्या जागी. अशी संपूर्ण वारसनोंद दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर! त्यातही साच्याचा आकडा उघड लिहायचा नाही. आमच्या पेठेतील कापडवाले ठाणावर खरेदीचा भाव जसा अक्षरांत टिपून ठेवतात, त्याप्रमाणे या कंपनीने 'ग्रामोफोन लिमिटेड' या स्वतःच्याच नावातील दहा अक्षरे उचलली : जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी असे करीत ९ पर्यंत, आणि डी म्हणजे शून्य. एका तबकडीवर 'जीओ' ही अक्षरे दिसताच मी "पंधरावा साचा!" असे ओरडलो, तेव्हा दुकानदाराने माझ्यासाठी खुर्ची मागवली.

खुर्चीवर बसून जे ऐकले त्याने माझी चौतीस वर्षांची शासकीय श्रद्धा मुळापासून हादरली. १९६५ च्या डिसेंबरात निघालेल्या 'रबर सोल'च्या मोनो आवृत्तीची पहिली कोरणी वाजवीपेक्षा मोठ्या आवाजाची झाली, म्हणून लवकरच ती बदलण्यात आली. सबब आता त्या ओरडणाऱ्या प्रतींनाच मागणी. १९६६ च्या ऑगस्टातील 'रिव्हॉल्व्हर'च्या शेवटच्या गाण्याचे मिश्रण बदलण्याचा हुकूम निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ऐन वेळी सोडला, आणि तो कारखान्यात पोहोचेपर्यंत जुन्या मिश्रणाच्या काही मोनो प्रती बाहेर पडल्या. सबब ज्या प्रतीवर '६०६-१' हा आकडा आहे तिच्यासाठी संग्राहक घरदार गहाण टाकतील. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत निघालेल्या एका तबकडीच्या वेष्टनावर हे चौघे खाटकाचे डगले घालून मांसाचे तुकडे नि मोडक्या बाहुल्या घेऊन बसले होते. गहजब झाल्यावर कंपनीने त्यावर दुसरे सोज्वळ चित्र डकवले, आणि आज सुशिक्षित माणसे तो वरचा कागद वाफ देऊन सोलीत बसतात. आमच्या खात्यात चुकीवर कारणे दाखवा नोटीस निघते, येथे लिलाव निघतो! माझ्या सेवापुस्तकातील तीन नोंदी लिव्हरपुलात विक्रीस काढल्या असत्या तर निवृत्तिवेतनाची गरज उरली नसती.

"आणि व्हाइट अल्बम?" मी विचारले. १९६८ च्या त्या कोऱ्या पांढऱ्या वेष्टनावर शिधापत्रिकेप्रमाणे अनुक्रमांक छापलेला असतो. त्यातील पहिल्या क्रमांकाची प्रत ढोलवादक रिंगो स्टार यांच्यापाशी होती. त्यांनी ती बँकेच्या तिजोरीत ठेवली, आणि २०१५ च्या डिसेंबरात ती ७,९०,००० डॉलरांना गेली. दुकानदार हे सांगताना डोळे मिटून होता. मी विचारले, "त्यांनी ती कधी वाजवली असेल का?" त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी देव्हाऱ्यातील शाळिग्रामाने बदाम फोडावेत असे सुचवले होते.

मग माझा देश विचारून तो आत गेला, आणि दोन्ही हातांवर तोलून एक जड काळी तबकडी घेऊन आला. बीटल्सचेच 'कान्ट बाय मी लव्ह', १९६४ चे गाणे. परंतु तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची! हे अशक्य होते. इंग्लंडात असल्या तबकड्या १९६० च्या सुमारासच बंद पडल्या, आणि या मंडळींची 'लव्ह मी डू' ही पहिली तबकडी निघाली १९६२ च्या ऑक्टोबरात. मी भिंग लावून लेबल वाचले : मेड इन इंडिया.

मग उलगडा झाला. आपल्याकडे गावोगाव वीज नव्हती, चावीचे फोनो मात्र होते. म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात, जगाने सोडून दिलेल्या या जुन्या जातीच्या तबकड्या साठीच्या दशकातही छापल्या जात होत्या. आणि त्या व्हायनलच्या नव्हेत, लाखेच्या. जी लाख छोटा नागपूरकडच्या रानांत पळसावर नि कुसुमावर किडे बनवतात, ती. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो पळस मला लिव्हरपुलात, काचेच्या कपाटात, कुलूपबंद भेटावा, हा योग विलक्षण होता. किंमत तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी. घासाघीस करण्याच्या हेतूने मी सांगून पाहिले, की हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईस येऊन 'दि इनर लाइट'चे वादन मुद्रित करून गेले, त्यात बासरी आमच्या हरिप्रसाद चौरसियांची आहे, तेव्हा आपण एका अर्थी नातलगच. दुकानदाराने हे शांतपणे ऐकून घेतले आणि नात्याखातर कागदी पिशवी फुकट दिली. "एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "पोलादी पिन लावू नका. एकदा वाजली की दर्जा उतरला." द्रव्याने प्रेम मिळत नाही असे नाव असलेली वस्तू मी अशा रीतीने भरपूर द्रव्य मोजून घेतली, आणि स्थानकावर पुन्हा एक चहा घेतला, तेथे 'लव्ह' पूर्वीप्रमाणेच फुकट मिळाले.

परतताना मायभूमीच्या विमानतळावर जकातीच्या तरुण अधिकाऱ्याने सदऱ्या-धोतरांच्या सात घड्यांतून ती बाहेर काढली, लेबल वाचले, मग मला वाचले. "काका, ही तर इथेच बनलीय."

"होय."

"मग एवढ्या लांबून विकत का आणली?"

या प्रश्नाचे उत्तर मला पासपोर्टाच्या कोणत्याही पानावर सापडेना. मी म्हटले, "साहेब, माहेरपणाला आणली आहे." तो क्षणभर गंभीर राहिला, आणि मग तबकडी दोन्ही हातांनी परत देत म्हणाला, "माहेरवाशिणीवर जकात कसली? न्या."

घरी येताच मी संग्रहाच्या नोंदवहीत रीतसर नोंद केली : साचा, क्रमांक, अवस्था 'उत्कृष्ट'. शेऱ्याचा रकाना मागील सर्व पानांप्रमाणे कोरा ठेवला. चार दिवसांनी मंडईतून परतलो तो माडीवरून त्या चौघांचा आवाज ऐकू आला. सासरेबुवांचा वाईहून आलेला चावीचा फोनो उघडलेला, कर्ण्याची धूळ पुसलेली, आणि पोलादी पिन तबकडीवर सुखेनैव नांगर चालवते आहे! चावी अर्धीच दिलेली असल्यामुळे गाणे निम्म्यावर येताच स्प्रिंग सैल पडली, आणि लिव्हरपूलची ती अवखळ पोरे खाली खाली घसरत सर्दी झालेल्या कीर्तनकारांच्या पट्टीत गाऊ लागली. कुटुंबाने न गडबडता चावी दिली. पोरे पुन्हा वर आली. माझ्या हातातील पिशवीतून एक वांगे जिन्यावरून गडगडत खाली गेले, तरी मी जागचा हललो नाही. मडगावच्या त्या खोलीसोबत्यानंतर हे गाणे मी प्रथमच ऐकत होतो.

"अहो, बरी म्हणतात की पोरे," कुटुंब म्हणाले. "दुसरी बाजू लावू?"

संध्याकाळी नोंदवही काढली. अवस्थेपुढील 'उत्कृष्ट' हा शब्द नियमाप्रमाणे एका रेघेने खोडला, 'मध्यम' असे लिहिले, दुरुस्तीवर सही केली. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ऐकली.